शब्द दिला जातो, सही घेतली जाते

मराठीत शब्द दिला जातो आणि सही घेतली जाते. वचन देतात, भाक देतात, हातावर हात देतात. सही मात्र समोरचा घेतो. सही करणाऱ्याच्या तोंडीही ‘त्यांनी माझी सही घेतली’ असेच येते. बोलीने नकळत जपलेला हा फरक मला फार मोलाचा वाटतो. जत्रा, उरूस, प्रदर्शने, खाद्यमहोत्सव भरवणाऱ्यांच्या कामात अलीकडे जी नवी रीत रुळते आहे, तिच्याकडे पाहताना तो सारखा आठवतो. स्टॉल मांडणाऱ्याला व्हॉट्सअॅपवर करारनाम्याची पीडीएफ येते, सोबत एक लिंक. लिंक उघडायची, ‘मला सर्व अटी मान्य आहेत’ या चौकटीत टिक करायची, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा, झाला करार. यात्रा कमिटीच्या माणसाला दोनशे दुकानदारांच्या मागे कागद घेऊन हिंडावे लागत नाही आणि दुकानदाराला एका सहीसाठी दिवसाचा धंदा बुडवून यावे लागत नाही. सोय दोघांचीही आहे आणि ती खरी आहे. तिच्याशी माझे भांडण नाही. मला विचारायचा आहे तो प्रश्न फार जुना आहे. स्मृतिकारांनी तो विचारला, कुराणाने विचारला, कायद्यानेही विचारला: माणसाच्या तोंडून निघालेला ‘हो’ खरोखरचा ‘हो’ कधी होतो? माझे म्हणणे असे की तो ऐकून, समजून, नाही म्हणण्याची मोकळीक असताना दिला तरच होतो, आणि तसा तो मिळेल हे पाहण्याची जबाबदारी करार लिहिणाऱ्याची आहे. तंत्र कोणतेही असो, ही जबाबदारी त्याच्यावर ढकलता येत नाही.

हे तंत्र नेमके काय करते ते आधी नीट पाहायला हवे, कारण त्याची अवहेलना करणे अन्यायाचे होईल. करारनाम्याचा सगळा मजकूर एका गणिती चरकातून काढला जातो आणि त्याचा ठरावीक लांबीचा एक ठसा उरतो. नेहमी वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत तो चौसष्ट चिन्हांचा असतो. मूळ मजकुरातला एक अनुस्वार जरी पुसला तरी हा ठसा ओळखू न येण्याइतका बदलतो. सहीची गुप्त किल्ली या ठशावर चालते आणि तिची जोडीदार असलेली उघडी किल्ली वापरून कोणालाही पडताळता येते की सही झाल्यानंतर कागदाला कोणी हात लावलेला नाही. आधारवरून होणाऱ्या ई-सहीत तर ही किल्ली त्या एका सहीपुरतीच जन्माला येते, तिच्या प्रमाणपत्राचे आयुष्य अर्ध्या तासापलीकडे नसते. याचा फायदा गरिबाला मोठा आहे. पूर्वी करारनामा आयोजकाच्या फायलीत राहायचा. 500 च्या आधी एक काडी ओढली की त्याचे 1500 होत. दुकानदाराकडे फार तर पावतीचा चुरगळलेला चिटोरा असे. आता दोघांच्या फोनमध्ये एकच मजकूर असतो आणि तो कोणा एकाला बदलता येत नाही. कागदाच्या अखंडपणाची एवढी खात्री आपल्या गावगाड्याने यापूर्वी कधी पाहिली नव्हती. पण ही खात्री कागदाची आहे, माणसाची नाही. मजकूर बदललेला नाही आणि ओटीपी अमक्या आधारला जोडलेल्या फोनवर गेला, एवढेच ते गणित सांगते. त्या फोनच्या मालकाला मजकूर कळला का, हे ते सांगत नाही. सांगू शकतही नाही.

आणि प्रत्यक्षात काय घडते? खेळण्यांचे दुकान लावणाऱ्या साठीच्या माणसाच्या फोनवर सात पानांची पीडीएफ येते, बारीक अक्षरात, बहुतेकदा इंग्रजीत. फोनची काच तडकलेली, चष्मा घरी. लिंक उघडली की एक ठळक बटण दिसते, ते दाबले की पडदा सरसर खाली सरकतो आणि थेट सहीच्या जागी येऊन थांबतो. मधली सहा पाने डोळ्यांखालून गेलीच नाहीत, पळाली. मग कमिटीचा पोरगा फोन करतो: ‘मामा, नंबर आला का? सांगा पटकन.’ मामा सहा आकडे वाचून दाखवतात. हा आकडा कोणालाही सांगू नका, असे त्याच मेसेजमध्ये लिहिलेले असते. पोरगा मनाने वाईट नसतो. त्याला रात्रीपर्यंत अजून चाळीसजणांचे उरकायचे असते. पण ही सही झाली कोणाची? बोट पोराचे, फोन मामांचा, मजकूर कमिटीच्या वकिलाचा. मामांनी या सगळ्यात दिले काय, तर सहा आकडे.

कायद्याला हे पुरते का? 1872 च्या करार कायद्याचे तेरावे कलम संमतीची व्याख्या करते, आणि ती व्याख्या तत्त्वज्ञाच्या तोंडी शोभेल अशी आहे: दोन माणसे एकाच गोष्टीला एकाच अर्थाने राजी झाली, म्हणजे संमती. त्यात ना कागद आहे, ना शाई. तोंडी करारही या कायद्याला चालतो. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 साली आला, 2008 च्या दुरुस्तीने त्यात दहा-ए हे कलम घातले, आणि करार इलेक्ट्रॉनिक साधनाने झाला एवढ्याच कारणाने तो अमान्य ठरणार नाही हे स्पष्ट झाले. म्हणजे नव्या कायद्याने साधनाची अडचण दूर केली. संमतीची अट शिथिल केली नाही. ‘एकाच अर्थाने’ हे शब्द दीडशे वर्षांनंतरही जागच्या जागी आहेत. टिक केलेली चौकट हा संमतीचा पुरावा असू शकतो, संमती नव्हे. धुरावरून आगीचे अनुमान करतात हे न्यायशास्त्राचे शाळकरी उदाहरण. पण धूर दाखवणारे यंत्र बसवले म्हणून चुलीत विस्तव येत नाही.

जुन्या धर्मशास्त्राने या जागी केलेला विचार आजच्या आयोजकाने वाचावा असा आहे. याज्ञवल्क्यस्मृतीचा व्यवहाराध्याय लेख, भोग म्हणजे वहिवाट, आणि साक्षीदार ही तीन प्रमाणे मानतो. कर्जाचा लेख कसा करावा याची त्यात तपशिलाने सांगितलेली रीत आहे. मजकूर पुरा झाल्यावर, म्हणजे त्याच्या खाली, ऋणकोने आपल्या हाताने नाव घालायचे आणि लिहायचे की वर लिहिलेले मला, अमक्याच्या मुलाला, मान्य आहे. नुसते नाव नाही. मान्यतेचे अख्खे वाक्य, स्वतःच्या हाताचे. मग साक्षीदार. आणि सर्वांत शेवटी लेखनिकाने लिहायचे की दोन्ही पक्षांच्या विनंतीवरून हे मी लिहिले. या शेवटच्या गोष्टीपाशी मला थांबावेसे वाटते. लेखनिक दोघांचा असायचा. आजचा करारनामा एका पक्षाच्या वकिलाने लिहिलेला, त्याच पक्षाने विकत घेतलेल्या प्रणालीवर चढवलेला असतो, आणि दुसऱ्या पक्षाच्या वाट्याला फक्त तळाची चौकट येते. स्वहस्ताने लिहिलेला लेख साक्षीदारांवाचूनही प्रमाण आहे असे स्मृती सांगते, आणि लगेच त्याला अपवाद जोडते: बळजबरीने किंवा कपटाने करून घेतलेला सोडून. ज्याला लिहिता येत नाही त्याचे काय, याचे उत्तर स्मृतिकार नारदाचे आहे आणि विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या मिताक्षरा या टीकेत ते उद्धृत केले आहे: निरक्षर ऋणकोने आपले मत दुसऱ्याकडून लिहवून घ्यावे, आणि साक्षीदारच निरक्षर असेल तर त्याचे मत दुसऱ्या साक्षीदाराने, सगळ्या साक्षीदारांच्या समोर लिहावे. मिताक्षरा लिहिली गेली ती कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत, सुमारे नऊशे वर्षांपूर्वी, आपल्या लातूर-धाराशिवच्या शेजारी. वाचता न येणारा माणूस करारात उतरणारच, हे तेव्हाच्या शास्त्राने धरून चालले होते आणि त्याच्यासाठी दार ठेवले होते. ते दार म्हणजे माणसांची उपस्थिती. अक्षर येत नसेल तर त्याच्या बदली चार कान हवेत.

कुराणात याहून एक पाऊल पुढचा विचार आहे. दुसऱ्या सूऱ्यातली 282 वी आयत संपूर्ण कुराणातली सर्वांत लांब आयत, आणि तिचा विषय ईश्वराचे स्वरूप किंवा परलोक नव्हे, मुदतीच्या देण्याचा लेख. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे. मजकूर सांगायचा कोणी, तर ज्याच्यावर देणे आहे त्याने. तो दुबळा असेल, समज कमी असेल, स्वतः सांगू शकत नसेल, तर त्याच्या पालकाने न्यायाने सांगावा. ज्याच्यावर बंधन पडणार, शब्द त्याचे. हातोहात होणाऱ्या देवघेवीला लेखातून सूटही याच आयतीत आहे. महाराष्ट्रातल्या उरुसांत आणि जत्रांत अत्तर, बांगड्या, मिठाई, पाळणे यांचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान व्यापारी करत आले आहेत. त्यांच्या घरात हे वचन ठाऊक असलेले कोणी ना कोणी असू शकेल. देणेकऱ्याने मजकूर सांगावा आणि लेखनिकाने लिहावा, ही रीत आजच्या उलट आहे. आज मजकूर तयार येतो आणि देणेकऱ्याने फक्त गप्प बसायचे असते.

मराठी मुलखातल्या जुन्या महजरांत, म्हणजे निवाडापत्रांत, सहीची आणखी एक तऱ्हा दिसते. गोतसभेपुढे निवाडा झाला की पाटील सहीच्या जागी नांगर काढी, सुतार आपले किंकरे, परीट मोगरी, चांभार आरी, महार विळा-दोर. हिला निशाणी म्हणत. लिहिता न येणाऱ्याची ती सोय होती हे खरे. पण तेवढीच नव्हती. माणूस ज्या हत्याराने पोट भरतो ते हत्यार तो कागदावर ठेवत होता. शब्द मोडला तर नांगराला बट्टा. यातले काव्य मला दिसते, तसे त्यातले दुखणेही दिसते. निशाणी माणसाची होती तशीच जातीची होती, आणि विळा-दोर काढणाऱ्याला सभेत कुठे बसवत होते हे विसरून त्या कागदांचे गोडवे गाता येणार नाहीत. मला त्यातून घ्यायचे आहे ते इतकेच: निशाणी सर्वांच्या देखत काढली जाई, आणि ज्याने ती काढली त्याला ती का काढली हे गावाने विचारले तर सांगता येई. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी जी मोर्तब उमटे तिच्यातला मुख्य शब्द ‘मर्यादा’ असा आहे. मजकूर इथे संपला, याच्या पुढे कोणी काही घालू नये. ही मोर्तबही तळाशीच येते. सगळा मजकूर ओलांडून हात तिथे पोचायचा. थेट तळाशी उडी मारायला लावणारे बटण या साऱ्या परंपरेला माहीत नव्हते.

पहिला आक्षेप रास्त आहे: कागदावर तरी कोण वाचत होते? खरे आहे, आणि त्याची साक्ष आपल्याच इतिहासात पडलेली आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. त्यांना हवी होती ती खतपत्रे; ती हिसकावून त्यांनी जाळली. हे लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले. चौकशीला आयोग बसला, आणि 1879 मध्ये डेक्कन अॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अॅक्ट आला. त्या कायद्याने दोन गोष्टी केल्या. शेतकऱ्याचे खत गावच्या निबंधकासमोर लिहिले गेले पाहिजे असे ठरवले, आणि नुसत्या खतावर न थांबता त्यामागचा सगळा व्यवहार पहिल्यापासून तपासण्याची मुभा न्यायालयाला दिली. परक्या सरकारलाही शेवटी मानावे लागले की अंगठा उमटला म्हणजे संमती मिळाली असे नाही. तेव्हा कागद निर्मळ होता आणि फोन मलीन आहे, असा माझा दावाच नाही. पण सुप्याच्या कागदात आणि आजच्या लिंकमध्ये एक फरक आहे, आणि तो लिंकच्या बाजूने नाही. जुलमी खताचा कागद निदान जाळता येत होता, ते लिहवून घेणारा समोर बसलेला होता, त्याचे तोंड दिसत होते, त्याच्याशी हुज्जत घालता येत होती. लिंकला तोंड नाही. ‘हे अमुक कलम काय आहे हो?’ असे विचारायचे कोणाला? कागदाचा दोष तंत्राने दूर केला नाही. त्या दोषाभोवती जी थोडीफार माणसे उभी होती ती मात्र दूर केली.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. दुकानदार सज्ञान आहे, वीस-वीस वर्षे जत्रा केलेला आहे, भावातली घासाघीस त्याला आयोजकापेक्षा जास्त कळते. त्याने टिक केली तर ती त्याची. त्याला ‘समजावून’ सांगायला हवे म्हणणे हा त्याचा अपमान नाही का? हा आक्षेप माणसाच्या प्रतिष्ठेचा आहे, म्हणून मला तो आदराचा वाटतो. पण त्याचे टोक चुकीच्या दिशेला वळलेले आहे. मजकूर समजेल अशा भाषेत मांडणे ही दुकानदारावर केलेली दया नव्हे, ते त्याचे येणे आहे, जसे जागाभाडे हे आयोजकाचे येणे. मराठी बोलणाऱ्याशी मराठीत करार करणे म्हणजे त्याला अडाणी ठरवणे नव्हे. न कळणाऱ्या भाषेत सात पाने पाठवून ‘तुम्ही सज्ञान आहात’ म्हणणे हाच अपमान. शिवाय घासाघीस तिथे शक्य असते जिथे दोघांना उठून जाता येते. यात्रेच्या तीन दिवसांत ज्याची निम्म्या वर्षाची बेगमी व्हायची, तो उठून कुठे जाणार? सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये ब्रोजोनाथ गांगुली प्रकरणात नेमके हेच पाहिले: दोन्ही बाजूंची ताकद फार विषम असेल, तर तयार छापील नमुन्यावर घेतलेली अन्याय्य अट सहीच्या बळावर टिकत नाही. खटला नोकरीचा होता, पण न्यायालयाने उभा केलेला प्रश्न जत्रेच्या वेशीपर्यंत येऊन पोचतो.

कोणी म्हणेल, तीन दिवसांच्या दुकानासाठी एवढा ऊहापोह कशाला. इथे मी अर्धी गोष्ट मान्य करतो. गजऱ्यांची टोपली घेऊन बसणाऱ्या बाईकडून करारनामा घेण्याचे काही कारण नाही. जागेची पावती पुरे. कुराणाने हातोहात देवघेवीला दिलेली सूट शहाणपणाची आहे, आणि प्रत्येक गोष्टीवर सही घेण्याच्या हव्यासात सहीचीच किंमत उतरते. पण उरलेली अर्धी गोष्ट हलकी नाही. 25 जानेवारी 2005 रोजी वाई तालुक्यातल्या मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली. वाट चिंचोळी, पायऱ्यांची, दोन्ही अंगांना दुकाने. माणसे दबली, त्यानंतर दुकानांना आगी लावल्या गेल्या, गॅसची सिलिंडरे फुटली. अडीचशेहून अधिक भाविक गेले. सिलिंडर कुठे ठेवायचे, दोन दुकानांत किती जागा सोडायची, छप्पर वाटेवर किती पुढे काढायचे, ही कोणत्याही यात्रेच्या करारनाम्यातली रुक्ष कलमे वाटतात. ती कलमे म्हणजे वाटेने जाणाऱ्याचे प्राण आहेत. दुकानदाराने ती न वाचता मान्य केली, तर पुढे काही घडल्यावर कमिटीला चौकशीत दाखवायला कागद मिळेल, सही मिळेल, वेळेची नोंदही मिळेल. वाटेने जाणाऱ्याला काही मिळणार नाही. सही दोन कामे करते: एक, काय करायचे ते माणसाच्या मनात रुजवणे, दुसरे, घडल्यावर दोष कोणावर टाकायचा ते ठरवणे. घाईने घेतलेली ई-सही दुसरे काम चोख करते आणि पहिले अजिबात करत नाही. एखादे काम चोख झाले की ते पुरे झाले असे वाटते, आणि माझी खरी भीती तीच आहे. ज्या कमिटीच्या फाइलमध्ये दोनशेपैकी दोनशे सह्या आहेत, ती कमिटी यात्रेच्या पहाटे वाटेवरून फेरी मारून सिलिंडरे पाहील का?

तिसरा आक्षेप श्रद्धेच्या बाजूने येतो. देवाच्या दारी कसले करारनामे? माणसाचा शब्द पुरे, बेल-भंडार उचलला की झाले. खंडोबाची शपथ मोडणारा माणूस सही तर सहज मोडेल. या म्हणण्यात खोल सत्य आहे, पण ते अर्धे आहे, आणि ते का अर्धे आहे हे तुकोबांच्या चरित्रातला एक प्रसंग दाखवतो. घराण्याच्या सावकारीची खते तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली हे सर्वांना ठाऊक असते. त्यातला पुढचा तपशील मात्र सांगताना गळतो: सगळी खते त्यांनी बुडवली नाहीत. अर्धी धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाट्याची होती. ती वेगळी काढून त्याला दिली, आणि बुडवली ती फक्त आपली. विरक्ती परमोच्च असतानाही त्यांनी दुसऱ्याच्या हक्काचा कागद पाण्यात टाकला नाही. म्हणजे कागद मुळात अपवित्र नाही. आपल्या हातात दुसऱ्याच्या गळ्यातली दोरी म्हणून जो कागद आहे तो सोडावा, आणि ज्या कागदाने दुसऱ्याचा हक्क राखला जातो तो जपावा. आयोजकाला ही कसोटी लावता येते. पाऊस पडून यात्रा मोडली तर भाड्याचे काय, वीज गेली तर काय, ठरलेली जागा बदलली तर काय, अनामत किती दिवसांत परत, ही कलमे त्याच्या करारनाम्यात आहेत का? की सगळी कलमे दुकानदाराने काय करू नये याचीच आहेत?

संस्कृत व्याकरणात याच प्रश्नाची एक सूक्ष्म खूण सापडते. क्रियेचे फळ करणाऱ्यालाच मिळायचे असेल तर क्रियापद आत्मनेपदात येते, दुसऱ्याला मिळायचे असेल तर परस्मैपदात. पाणिनीने काही धातूंसाठी हा नियमच घालून दिला आहे. म्हणून संकल्प सोडताना यजमान ‘करिष्ये’ म्हणतो. शब्द गुरुजी सांगतात, यजमानाला संस्कृत येत नाही, तरी ते क्रियापद त्याने स्वतः उच्चारायचे असते. संकल्पात आधी काळ येतो, मग देश, मग नाव-गोत्र, मग काय करणार ते. करारनाम्याची रचना हुबेहूब हीच आहे: दिनांक, ठिकाण, पक्षकार, विषय. फरक एवढाच की संकल्प मोठ्याने म्हणायचा असतो. अर्थ न कळता पोपटपंचीने म्हटलेले संकल्प आपल्याकडे उदंड झाले हे मी नाकारत नाही. देवघरातली ती खोट बाजारात आणू नये म्हणूनच हे लिहितो आहे. आत्मनेपदाची अपेक्षा तिथेही आहे आणि इथेही: जो बांधला जातो त्याचे त्यात काही असले पाहिजे, आणि ते त्याने आपल्या तोंडाने म्हटले पाहिजे.

आणि नेमके हे करणे कागदापेक्षा फोनला सोपे आहे. सात पानांच्या जागी एक पान, मराठीत, मोठ्या अक्षरात. जिथे दुकानदार कन्नड, हिंदी किंवा उर्दू बोलणारा आहे तिथे त्या भाषेत. ते पान कमिटीच्या माणसाच्या आवाजात वाचून पाठवता येते, दुकान बांधता बांधता ऐकता येते. सहीच्या आधी दुकानदाराने चार मुख्य गोष्टी आपल्या शब्दांत बोलून पाठवायच्या आणि ते ध्वनिमुद्रण करारालाच जोडायचे. मजकुराचा ठसा ज्या गणिताने निघतो, त्याच गणिताने आवाजाचाही निघतो. एखादी कासारीण म्हणेल, ‘माझं पाल नऊ फुटांचं, वाटेवर छप्पर काढणार नाही, शेगडी मागच्या बाजूला, भाडं अर्धं आज अर्धं उठताना.’ नारदाने निरक्षरासाठी जे मागितले ते यात आहे, आणि आयतीने देणेकऱ्याला जो मान दिला तोही. यात वेळ जाईल. दोनशे दुकानांना दोन मिनिटे धरली तरी एका माणसाचा एक दिवस जातो; यात्रेच्या तयारीत एक दिवस ही फार मोठी मागणी नव्हे.

पण समजा कासारीण बोलता बोलता थांबली आणि म्हणाली, ‘बाकी सगळं कबूल, पण पाऊस पडून यात्रा उठली तरी भाडं परत नाही, हे मला जमायचं नाही.’ आज हे वाक्य ठेवायला त्या पडद्यावर जागा नाही. तिथे ‘मान्य आहे’ची एकच चौकट आहे, आणि ती रिकामी ठेवली तर पुढचे बटण दबत नाही. तिच्या शेजारी दुसरी चौकट हवी, आणि तिथे बोललेले वाचून किंवा ऐकून परत फोन करणारा कमिटीचा एक माणूस हवा, ज्याचे नाव आणि नंबर करारनाम्याच्या पहिल्याच ओळीत असेल.